मांडीपर्यंत न पोचलेला पट्टा

मोटारीत कोणी कुठे बसायचे हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असते. चालवणाऱ्याच्या शेजारी घरातला कर्ता पुरुष, नाहीतर रस्ता माहीत असलेला कोणीतरी. मागे बायका, आजी-आजोबा, पाहुणे. गाडी कचेरीची असेल तर मागे साहेब. सर्वांत लहान जे असते त्याला स्वतःची जागा नसते. ते कुणाच्या तरी मांडीवर असते.

सीट बेल्टच्या कायद्याचा इतिहास हा या जागांचाच इतिहास आहे. पट्टा आधी चालकाकडे आला, मग त्याच्या शेजाऱ्याकडे, मग मागच्या सीटवर, आणि सर्वांत शेवटी मुलाकडे. प्रत्येक जागेवर पोचायला त्याला वर्षे लागली. कागदावर पोचल्यावरही अंगावर यायला आणखी वर्षे लागली. मी वकील नाही, अभियंताही नाही. मढला राहणारा, जुनी राजपत्रे, नियमांच्या दुरुस्त्या आणि वर्तमानपत्रांचे अंक चाळत बसणारा माणूस आहे. त्या वाचनातून हा क्रम जसा उलगडत गेला, तसा तो इथे मांडतो आहे.

विमानातून मोटारीत

आज आपण खांद्यावरून आणि कमरेवरून घेतो तो तीन टोकांचा पट्टा १९५९ सालचा. तो बनवणारा नील्स बोलिन हा स्वीडिश अभियंता. व्होल्वोत येण्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांतल्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होता. माणसाचे शरीर किती झटका सोसू शकते, आणि तो झटका कुठल्या हाडांवर घ्यावा, याचा त्याचा अभ्यास तिथला. त्याआधीचे पट्टे नुसते कमरेचे असत. जोराची धडक बसली की कंबर जागेवर राही आणि छाती-डोके पुढे जाई. बोलिनने झटका बरगड्यांचा पिंजरा आणि कटीचे हाड यांवर वाटून दिला. शिवाय पट्टा एका हाताने लावता येईल असा केला, कारण अवघड वस्तू माणूस रोज वापरत नाही हे त्याने ओळखले होते. व्होल्वोने या पट्ट्याचे पेटंट घेतले, पण इतर कारखानदारांना तो मोकळेपणाने वापरू दिला.

गाडीत पट्टा असणे आणि तो लावणे यांत मोठे अंतर आहे, हे सगळ्या देशांना लवकरच कळले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७० साली रस्त्यांवर १,०६१ माणसे मेली आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला तिथे पट्टा लावणे सक्तीचे झाले. अशी सक्ती करणारा तो जगातला पहिला कायदा. ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांत पुढे पट्टे बसवण्याचा नियम १९६७ चा. ते लावण्याची सक्ती मात्र ३१ जानेवारी १९८३ पासून. मधली सोळा वर्षे संसदेत वाद चालू होता की, स्वतःच्या जिवाची जोखीम घेण्याचा हक्क नागरिकाला आहे की नाही.

कुर्ल्याची पद्मिनी

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात पट्ट्याचा विषय नव्हता. असण्याचे कारणही नव्हते, कारण त्या काळी मोटारींत तो रूढच नव्हता. पण हाच कायदा पन्नास वर्षे चालला. मुंबई उपनगरात माझ्या पिढीने मोटार म्हणून जी पाहिली ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता आणि पुढची सीट सलग बाकासारखी. त्यामुळे पुढे चालकासकट तिघे सहज मावत, आणि तिसऱ्याच्या मांडीवर एक मूल. मागे चार-पाच. या गाडीत माणसे मोजायची रीत नव्हती, ती मावतील तेवढी बसत. अशा बाकावर कोणाच्या वाट्याला कुठला पट्टा येणार?

१९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालच्या केंद्रीय नियमांत १९९३ साली दुरुस्ती झाली आणि पट्टा आपल्या कायद्यात शिरला. नियम १२५ ने कारखानदाराला वर्षभराची मुदत देऊन सांगितले की चालकासाठी आणि पुढच्या सीटवरच्या प्रवाशासाठी पट्टा बसवा. नियम १३८ ने सांगितले की गाडी चालू असताना तो लावा. नंतर मागच्या, पुढे तोंड असलेल्या सीटवरच्या प्रवाशांसाठीही दोन्ही नियमांत शब्द जोडले गेले. ब्रिटनला पट्टा बसवण्यापासून तो लावण्यापर्यंत सोळा वर्षे लागली, आपण हे अंतर कागदावर एका फटक्यात कापले.

हे अंतर प्रत्यक्षात कापले गेले नाही याचे एक कारण दंडाच्या कलमात सापडते. पट्टा न लावण्याला स्वतंत्र शिक्षाच नव्हती. ज्या गुन्ह्यांना वेगळे कलम नाही, त्यांच्यासाठीच्या कलम १७७ खाली तो येई, आणि केंद्रीय कायद्यात त्याचा दंड पहिल्या खेपेला १०० रुपयांपर्यंत, पुढच्या खेपेला ३०० रुपयांपर्यंत होता. पोलीस बघत तेही पुढच्या काचेतून दिसणाऱ्या दोघांकडे. मागचा पट्टा नियमात होता. गाडीत तो सीटच्या फटीत गेलेला असे, नाहीतर सीट-कव्हरखाली.

नियम १२५ मधली आणखी एक ओळ उपनगरातल्या माणसाने नीट वाचण्यासारखी आहे. दुचाकी आणि ५०० सीसीपर्यंतच्या तीनचाकी यांना त्या नियमातून वगळले आहे. तिच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

मानाची जागा

मागची सीट ही आपल्याकडे मानाची जागा. मागे बसणाऱ्याने स्वतः दार उघडायचे नसते, तिथे पट्टा तर दूरच. पट्टा हे चालकाचे काम, गिअर आणि ब्रेक यांच्यासारखे. ज्याला चालवायचे नाही त्याचा त्याच्याशी काय संबंध? शिवाय मागे बसलेला माणूस पुढच्या सीटच्या आड सुरक्षित आहे असे सगळ्यांनाच वाटते.

३ जून २०१४ ला सकाळी गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन त्यांना आठवडाच झाला होता आणि बीडला त्यांच्या स्वागताची तयारी होती. ते मागे बसले होते. एका चौकात दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीला धडक दिली. गाडीची अवस्था पाहून कोणाला वाटले नसते की आतला माणूस दगावेल. पण मानेला आणि यकृताला झालेल्या इजेतून ते वाचले नाहीत. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तो लावला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन जाहीरपणे म्हणाले, आणि ते स्वतः डॉक्टर आहेत. महाराष्ट्रात मात्र बोलणे लवकरच घातपाताच्या संशयाकडे वळले. सीबीआयचा तपास झाला, अपघातच निघाला. एवढा मोठा माणूस एका न लावलेल्या पट्ट्यामुळे जाऊ शकतो, हे मानायला आपले मन तयार नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राने रस्ते वाहतूक आणि सुरक्षा विधेयकाचा मसुदा पुढे आणला. तो पुढे सरकला नाही. २०१६ साली दुरुस्ती विधेयक आले, लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकून बाद झाले. शेवटी ३१ जुलै २०१९ ला राज्यसभेची मंजुरी मिळाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ ब लागू झाले. पट्टा न लावता गाडी चालवणाऱ्याला, किंवा पट्टा न लावलेले प्रवासी नेणाऱ्याला, १,००० रुपये दंड. मुंड्यांच्या मृत्यूपासून या कलमापर्यंत पाच वर्षे गेली. त्यातही महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच स्वीकारले नाहीत. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचार करायला कळवले. राज्याची नवी दंडयादी यायला डिसेंबर २०२१ उजाडला.

मग ४ सप्टेंबर २०२२ चा रविवार. अहमदाबाद-मुंबई महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. गाडी महागातली होती, सुरक्षेची बहुतेक सारी साधने असलेली. पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

या वेळी हालचाल लवकर झाली. मुंबई वाहतूक पोलिसांनी ऑक्टोबरात जाहीर केले की १ नोव्हेंबर २०२२ पासून चारचाकीतल्या प्रत्येकाला पट्टा लावावा लागेल, आणि ज्या गाडीत तो नाही त्यांनी तोवर बसवून घ्यावा. टॅक्सी संघटनांनी विरोध केला. गिऱ्हाईक पट्टा लावत नाही आणि दंड आम्ही का भरायचा, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. या आदेशात नवे काही नव्हते हे बहुतेक बातम्यांत आले नाही. जे वर्षानुवर्षे नियमात होते, ते प्रथमच मागच्या सीटकडे पाहून म्हटले गेले.

मागच्या माणसाने पट्टा न लावणे ही त्याची खासगी जोखीम आहे, हा युक्तिवादही टिकत नाही. जपानमधल्या हजारो अपघातांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली आला. मागे कोणी पट्ट्याविना असेल, तर पुढे पट्टा लावून बसलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असे त्यात आढळले. धडकेत मागचा माणूस पुढच्या सीटवर येऊन आदळतो. आजोबा पट्टा लावत नाहीत तेव्हा धोका पुढे बसलेल्या नातवाच्या आईलाही असतो.

घंटी आणि क्लिप

कायद्याला न जमलेले काम यंत्राकडून करून घ्यावे, असाही एक मार्ग. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत पुढच्या दोघांसाठी पट्ट्याची घंटी सक्तीची झाली. तिच्यावरचा उतारा बाजारात तयार होताच. पट्ट्याच्या खाचेत अडकवायची धातूची एक चपटी क्लिप. ती घातली की घंटी गप्प आणि पट्टाही लावायला नको. मिस्त्रींच्या अपघातानंतर नितीन गडकरी यांनी एका कार्यक्रमात सांगितले की, चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांतून त्यांनी प्रवास केला, तिथे अशा क्लिपा होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या.

यात फक्त आपल्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९७४ च्या नव्या गाड्या पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके संतापले की त्याच वर्षी काँग्रेसने ही सक्ती काढून टाकली, आणि घंटी आठ सेकंदांहून जास्त वाजवण्याची सक्ती करायलाही मनाई केली. पट्ट्याचा राग माणसाला सगळीकडेच येतो. फरक पुढे पडला. तिथे १९८४ साली न्यूयॉर्कने पट्टा लावण्याचा कायदा केला आणि हळूहळू इतर राज्ये मागून आली. पण त्याच्याही आधी तिथे मुलांचा कायदा झाला होता.

मांडी

आपल्या मनात मांडी ही जगातली सर्वांत सुरक्षित जागा आहे. ध्रुवाला वडिलांच्या मांडीवरून उतरवले, तेव्हा तो त्या अपमानाने अढळपद शोधायला निघाला. मांडी म्हणजे हक्क, माया, संरक्षण. बाळ मांडीवर घेऊन प्रवास करणारी आई बाळाला जपतेच आहे, निष्काळजी नाही. म्हणून मोटारीतली मांडी सुरक्षित नाही हे तिला सांगणे अवघड जाते.

हिशेब मात्र साधा आहे. मोटार ताशी ५० किलोमीटरने जात असेल आणि आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो. दहा किलोचे मूल त्या क्षणी १४० किलो ओढीने पुढे जाते. कोणाच्याही हातांत ते राहत नाही. आईनेही पट्टा लावला नसेल तर तिचे वजन बाळावर येते. दोघांसाठी एकच पट्टा घेतला, तर तो पट्टाच बाळाला चिरडतो. तीन मजल्यांवरून पडणाऱ्या मुलाला खाली हात पसरून झेलण्यासारखे हे आहे, आणि तसा भरवसा आपण कधी ठेवत नाही.

याची कायदेशीर लढाई अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात झाली. मुलांचे डॉक्टर रॉबर्ट सँडर्स यांनी आमदारांच्या मागे लागून मुलांच्या आसनाचा कायदा करवून घेतला. तो १ जानेवारी १९७८ ला अमलात आला. जगात बराच वाखाणलेला हा कायदा, पण मंजूर होताना त्यात एक सवलत घुसली: मोठ्या माणसाने बाळ हातांत धरले असेल तर आसन नको. आईच्या कुशीवर कायदा कसा आणायचा, असे आमदारांना वाटले. सँडर्स या सवलतीला मूल चिरडणारी दुरुस्ती म्हणत. ती काढून टाकायला १९८१ साल उजाडले. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत मुलांच्या आसनाचे कायदे झाले. ब्रिटनने मागच्या सीटवरच्या मुलांना १९८९ साली पट्ट्यात घेतले आणि मागच्या मोठ्यांना १९९१ साली. म्हणजे तिथे मूल मोठ्यांच्या आधी आले.

आपल्याकडे मूल प्रथम आले ते २०१९ च्या त्याच कलम १९४ ब च्या दुसऱ्या पोटकलमात. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला, किंवा तशी चालवू देणाऱ्याला, १,००० रुपये दंड. ओळ चांगली आहे आणि टेनेसीसारखी मांडीची सवलत तिच्यात नाही. पण ‘पट्टा किंवा आसन’ यातला ‘किंवा’ सगळे सैल करतो. मोठ्यांचा पट्टा दोन वर्षांच्या मुलाच्या गळ्यावरून जातो, तान्ह्या बाळाला तो लावताच येत नाही. किती वयापर्यंत मागे तोंड करून झोपवायचे, किती उंचीपर्यंत उंच बैठक द्यायची, हे या कलमात नाही. मुलांच्या आसनांसाठी आपले मानक आहे, एआयएस ०७२ या क्रमांकाचे, आणि पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या नावाने ही मानके निघतात. म्हणजे वस्तू कशी असावी हे आपल्याला ठाऊक आहे. ती कोणी, केव्हा वापरावी हे आईबापांना समजेल अशा भाषेत कोणी सांगत नाही, आणि तिची किंमत काही हजारांत असते. भाड्याच्या टॅक्सीत ती नसते आणि दंड भरायचा तो टॅक्सीवाल्याने.

मढचे मूल

आता नियम १२५ मधल्या त्या वगळण्याकडे येतो. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. उपनगरात मात्र मुलाचे पहिले वाहन रिक्षाच. मढसारख्या टोकाच्या गावाला तर मोटारीने यायचे म्हणजे मालाडहून मार्व्याचा लांबचा वळसा. वर्सोव्याकडून खाडी ओलांडायला फेरी आहे, तिच्यावर माणसे आणि दुचाकी येतात, मोटारी नाहीत. म्हणून इथले मूल शाळेत, दवाखान्यात, आजोळी जाते ते बेस्टच्या २७१ नंबरच्या बसने, रिक्षात आईच्या मांडीवर, किंवा बापाच्या स्कूटरवर पुढे उभे राहून. या तिन्ही ठिकाणी पट्टा नाही, आणि यांतल्या दोन वाहनांना तर नियमाने त्यातून सोडलेलेच आहे.

दुचाकीची थोडी दखल घेतली गेली. १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम केला, तो वर्षभराने लागू झाला. शाळेच्या बससाठी राज्याने २०११ साली वेगळे नियम केले. रिक्षातल्या मांडीबद्दल मात्र कुठेच काही नाही. रिक्षात पट्टा लावून भागेल असे मी म्हणत नाही. उघड्या बाजूंच्या हलक्या गाडीत पट्टा कशाला बांधायचा हाच प्रश्न आहे. पण ज्या वाहनात उपनगरातली सर्वांत जास्त मुले बसतात त्याचा विचार मोटारीनंतर तीस वर्षांनीही व्हायचा आहे, एवढे खरे.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे अपघातांत गेली. त्यांतली १६,७१५ पट्टा न लावलेली होती: ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. चालक आणि प्रवासी जवळजवळ निम्मे निम्मे. पट्टा हे चालकाचे काम आहे या समजुतीला एवढे उत्तर पुरे. पण या वर्गवारीत दोनच रकाने आहेत. मांडीवरचे मूल दुसऱ्या रकान्यात एक प्रवासी म्हणून जाते, आसन मिळाले असते तर ते वाचले असते का, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. जे मोजले जात नाही त्याच्यावर नियम नीट होत नाहीत. तिसरा रकाना सुरू करायला कायदा बदलावा लागत नाही, पोलिसांच्या अपघात-नोंदीच्या अर्जात एक ओळ वाढवावी लागते.

दुसरी गोष्ट प्रसूतिगृहाच्या दारात करता येईल. अमेरिकेतल्या अनेक इस्पितळांत बाळाला घरी सोडण्यापूर्वी गाडीतले आसन नीट बसवले आहे का ते पाहतात. आपल्याकडे घरी जाताना लसीचे कार्ड आणि औषधांची यादी मिळते. त्याच कागदावर दोन ओळी घालता येतील: मोटारीने नेत असाल तर बाळ पुढच्या सीटवर नको, आणि मोठ्यांच्या पट्ट्यात आपल्याबरोबर बाळाला गुंडाळू नका. याला पैसे लागत नाहीत. आसन भाड्याने देणारी एखादी सोय प्रसूतिगृहातच झाली, तर ते विकत घेण्याचाही प्रश्न पहिले वर्षभर उरणार नाही.